कापण्याआधी आणखी एकदा विचारा

स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट हातात पडतो, त्यात 'कार्सिनोमा' हा शब्द दिसतो, आणि तासाभरात घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, आता एक दिवसही थांबायचं नाही, उद्याच ऑपरेशन उरकून टाकू. दुसरा म्हणतो, इतक्यात कुणाला सांगू नका, आधी अमक्या गावच्या वैद्याकडे जाऊन येऊ. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात पळवाट आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी भीतीच आहे. माझं सांगणं तिसरंच आहे. उपचाराची तारीख पक्की करण्याआधी, दोन ते तीन आठवड्यांच्या आत, दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घ्या. ते नुसत्या कागदांवर घेऊ नका, गाठीच्या तुकड्यावर घ्या. आणि मत मिळालं की उपचार शक्यतो घराजवळ घ्या.

संभाजीनगरात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण इथून आणि पलीकडे जालना, बीड, हिंगोलीहून बायका या शहरात उपचाराला येतात. गाठ पहिल्यांदा पाहिलेली असते गावच्या डॉक्टरांनी, सोनोग्राफी तालुक्याला झालेली असते, तुकडा तपासलेला असतो तिसऱ्याच लॅबमध्ये, आणि ऑपरेशन ठरतं चौथीकडे. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं, तरी सगळे कागद एकत्र मांडून पाहणारं कुणी मधे असतंच असं नाही. दुसरं मत घेताना हे काम आपोआप होतं. कित्येक घरांत सगळी फाईल एका जागी लावली जाते तीही त्या निमित्तानेच.

दुसरं मत घ्यायचं म्हणजे बाईला मुंबईला हलवायचं, असा आपल्याकडे अजून समज आहे. 'टाटाला न्यायचं' म्हटलं की राहायचं कुठे, शेताकडे कोण बघणार, पोरांच्या शाळेचं काय, असे प्रश्न उभे राहतात आणि विषय तिथेच संपतो. पण आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. केमो, शेक (रेडिएशन), ऑपरेशन हे सगळं आता या शहरात होतं. म्हणून मत आणि उपचार या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. मत मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमधून आणता येतं, उपचार इथेच घेता येतात. त्यासाठी एखादी फेरी पडेल, कधी तीही पडणार नाही.

"पण डॉक्टर रागावतील ना?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या हाती जीव सोपवायचा, त्यांचं मन दुखावू नये असं वाटणं साहजिक आहे. कर्करोगावर रोज काम करणाऱ्या डॉक्टरांना मात्र सेकंड ओपिनियन नवं नाही. अवघड केस ते स्वतःच सहकाऱ्यांपुढे ठेवतात. मोठ्या रुग्णालयांत तर सर्जन, केमोचे डॉक्टर, शेकाचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकेका रुग्णाचा निर्णय घेतात. तेव्हा सरळ विचारा, "डॉक्टर, उपचार तुमच्याकडेच घ्यायचा विचार आहे. सुरू करण्याआधी रिपोर्ट एकदा दुसरीकडे दाखवून घेतो. ब्लॉक आणि स्लाइड मिळतील का?" लपूनछपून करण्यापेक्षा हे बरं, कारण लपवलं तर दुसऱ्या डॉक्टरांपुढे अर्धीच माहिती जाते.

हा तुमचा हक्कही आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने कागदपत्रं मागितली तर डॉक्टरांनी ती 72 तासांत द्यायला हवीत. तरीही हक्काची भाषा पहिल्या वाक्यात नको. नम्रपणे मागितलं की बहुतेक ठिकाणी मिळतं. नाहीच मिळालं, तर लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आता ब्लॉकविषयी सांगतो, कारण सगळ्यांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. लोक फाईल सांभाळतात, सीडी सांभाळतात, बिलंसुद्धा सांभाळतात. ब्लॉक मात्र लॅबमध्येच राहतो, आणि तो मागायचा असतो हेच ठाऊक नसतं. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवतात, तोच ब्लॉक. काडेपेटीहून लहान अशी एक प्लास्टिकची जाळीदार चौकट असते, तिच्यावर पांढुरक्या मेणाचा थर, त्या थरात तपकिरी ठिपक्यासारखा दिसणारा तो तुकडा आणि कडेला लिहिलेला क्रमांक. यंत्रावर त्याचे केसाहूनही पातळ काप निघतात, ते काचेवर चिकटवून रंगवले की स्लाइड तयार होते. पॅथॉलॉजिस्ट पाहतात ती ही स्लाइड. रिपोर्ट म्हणजे त्यांनी जे पाहिलं त्याचं वर्णन. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता रिपोर्ट दिला, तर ते पहिल्याचं वर्णनच वाचतात. ब्लॉक दिला तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं, नवे काप काढता येतात, राहिलेल्या तपासण्या करता येतात.

ब्लॉक घेताना त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे जुळवून पाहा. स्लाइड काचेच्या असतात, त्या डबीत घालून घ्या. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. ते मेण आहे, मराठवाड्याच्या उन्हात मऊ पडायला वेळ लागत नाही. काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे काही वर्षांनी एखादी नवी तपासणी करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत इथेच बाजूला ठेवू. जाड सुईने तुकडा काढून तपासणं, ज्याला कोअर बायोप्सी म्हणतात, ही सुरक्षित तपासणी आहे आणि तिच्याशिवाय स्तनाच्या कर्करोगाचा उपचार सुरू होऊ नये. खरं नुकसान होतं ते उलट बाजूने. "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू, मग बघू," असं म्हणून तपासणीआधीच चिरा दिला जातो. गाठ अर्धवट निघते, कडा तपासलेल्या नसतात, काढलेला मांसाचा गोळा कधी नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाइनच्या पाण्यात पडून राहतो, तर कधी तपासणीला जातच नाही. नंतर कर्करोग निघाला की दुसऱ्यांदा कापावं लागतं आणि पहिली माहिती कायमची हरवलेली असते. तुमच्या बाबतीत असं आधीच झालं असेल तर घाबरून जाऊ नका, पण ऑपरेशनचा कागद आणि उरलेला नमुना आजच मागून घ्या. दुसऱ्या मताची गरज सगळ्यांत जास्त तुम्हालाच आहे.

तपासणीचा दिवस वेगळा आणि ऑपरेशनचा दिवस वेगळा, ही साधी गोष्टसुद्धा जगात कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. पूर्वी अमेरिकेत बाईला भूल द्यायचे, गाठ काढून त्याच टेबलावर तपासायचे आणि कर्करोग निघाला की त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. जागी झाल्यावर आपला स्तन असेल की नाही, हे झोपताना तिला ठाऊक नसायचं. 1974 मध्ये रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ सापडली. आधी फक्त तपासणी करा, मग मी ठरवते, असं तिने म्हटलं तेव्हा एकामागून एक सर्जननी नकार दिला. तिने हट्ट सोडला नाही, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळात डॉक्टर नसलेली सदस्य म्हणून ती बसली. बायोप्सी आणि ऑपरेशन हे दोन टप्पे वेगळे असावेत, असा निर्वाळा त्या मंडळाने दिला. आज आपल्याला रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्यामध्ये विचार करायला जे थोडे दिवस मिळतात, त्यामागे हा हट्ट आहे. ते दिवस वाया घालवू नका.

दुसऱ्या मतातून निघतं तरी काय? एक आशा आधीच दूर करतो. "रिपोर्ट चुकीचा निघेल, कर्करोग नसेलच," या अपेक्षेने जाऊ नका. 2015 मध्ये अमेरिकेतल्या 115 पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या तुकड्यांच्या स्लाइड देऊन एक मोठा अभ्यास झाला. आजूबाजूच्या भागात शिरलेल्या, म्हणजे इन्व्हेसिव्ह कर्करोगात त्यांचं निदान तज्ज्ञ मंडळाशी 96 टक्के वेळा जुळलं. पेशी नुसत्या बिघडलेल्या आहेत, कर्करोग अजून झालेला नाही, अशा काठावरच्या तुकड्यांत मात्र ते 48 टक्क्यांवर आलं. म्हणजे रिपोर्टात 'एटिपिया' किंवा 'डीसीआयएस' असं लिहिलं असेल तर दुसऱ्या नजरेची गरज फारच मोठी. 'इन्व्हेसिव्ह' असेल तर निदान बहुधा तेच राहील, पण उपचार बदलू शकतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्तनाचा क्षय आणि 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस' नावाची सूज, ही दोन्ही दुखणी हाताला आणि सोनोग्राफीत कर्करोगासारखी भासतात. तुकडा न तपासता नुसत्या सोनोग्राफीवरून कुणी स्तन काढायचं सुचवलं, तर तिथेच थांबा.

खरा फरक पडतो तो गाठीच्या जातीत. आयएचसी नावाची तपासणी गाठीवर तीन खुणा शोधते: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोनपैकी एकही असली तर गाठ स्त्रीच्या शरीरातल्या संप्रेरकांवर वाढते, आणि मग गोळी चालते. टॅमॉक्सिफेन ही अगदी स्वस्त गोळी पाच वर्षं नियमित घेतली तर अशा बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2011 मध्ये पक्कं दिसलं. आता कल्पना करा, तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, किंवा गरजेपेक्षा कमी-जास्त वेळ राहिला, आणि ईआर 'निगेटिव्ह' आला. खरं तर ती खूण होती, पण तपासणीत दिसली नाही. बाईला केमो मिळेल, ऑपरेशन होईल, सगळं होईल. फक्त सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दीर्घकाळ सांभाळणारं औषध कधीच सुरू होणार नाही. आणि हे कुणाला कळणारही नाही. म्हणून तीनही खुणा निगेटिव्ह आल्या असतील, त्यातही बाईचं वय जास्त असेल आणि गाठ सावकाश वाढलेली असेल, तर आयएचसी पुन्हा करून घ्या असं मी आग्रहाने सांगेन.

हर-टूचा आकडा रिपोर्टात 0, 1+, 2+ किंवा 3+ असा येतो. 3+ म्हणजे खूण आहे. 2+ म्हणजे सांगता येत नाही, आणि मग 'फिश' नावाची पुढची तपासणी करावीच लागते. 2+ लिहिलेला रिपोर्ट फाईलमध्ये तसाच पडून आहे, फिश केलेलीच नाही, कारण खर्च सांगितल्यावर घरच्यांनी "बघू" म्हटलं, असंही होतं. ही खूण असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध आजाराचं पुढचं सगळं वळण बदलू शकतं. ते पूर्वी आवाक्याबाहेर होतं, पण भारतात बनणाऱ्या त्याच्या आवृत्त्या आल्यापासून किंमत उतरली आहे. तेव्हा 2+ दिसलं की विचारा, फिश झाली का?

मग ऑपरेशन. स्तन काढायलाच हवा का, हा प्रश्न विचारायला आपल्याकडच्या बायका संकोचतात. जीव वाचतोय तिथे हे काय विचारायचं, असं त्यांना वाटतं, किंवा वाटायला लावलं जातं. विचारा. इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत फिशर यांनी वीस-वीस वर्षं बायकांचा पाठपुरावा केला आणि 2002 मध्ये दोघांचे निष्कर्ष आले: लहान गाठीत फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून पुढे शेक दिला, किंवा पूर्ण स्तन काढला, तरी आयुर्मान सारखंच राहतं. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, हेही विचारा. याची दुसरी बाजूही खरी आहे. स्तन राखला तर शेक घ्यावाच लागतो, आणि रोज येणं-जाणं किंवा शहरात राहणं जमणार नसेल, तर पूर्ण स्तन काढायचा निर्णय एखादी बाई समजून-उमजून घेऊ शकते. तो तिचा निर्णय आहे आणि त्यात कमीपणा नाही. फक्त दुसरा पर्याय होता हे तिला नंतर कळू नये.

आजार हाडात, यकृतात, फुप्फुसात गेलेला असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. घरचे म्हणतात, काहीही करा, पण गाठ काढा. त्यासाठी जमीन गहाण पडते. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 2005 ते 2013 या काळात अशा 350 बायकांवर अभ्यास केला. सुरुवातीच्या केमोनंतर निम्म्यांचं ऑपरेशन झालं, निम्म्यांचं नाही. आयुष्य वाढण्यात फरक पडला नाही. जखम चिघळली, रक्त येतंय, तर आराम पडावा म्हणून ऑपरेशन करावं लागतं, ते वेगळं. पण औषधांनी ताबा मिळण्याची शक्यता असताना सगळा पैसा ऑपरेशनवर घालण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला विचारलंच पाहिजे.

तज्ज्ञांचं एकत्रित मत घेतल्याने किती बदल होतो, याचा अंदाज अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या एका अभ्यासातून येतो. बाहेर निदान झालेल्या 149 बायकांची प्रकरणं तिथल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून पुन्हा पाहिली, तेव्हा 77 जणींच्या ऑपरेशनच्या सल्ल्यात बदल झाला. हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असं नाही. पण आपण जमीन विकत घेण्याआधी तिचा सातबारा चार जणांना दाखवतो, वकिलाकडे नेतो, तलाठ्याला विचारतो. बाईच्या रिपोर्टाला तेवढी तरी छाननी मिळायला हवी.

जायचं कुठे? निदान खासगीत झालं असेल तर शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा. तिथे निदान झालं असेल आणि शंका असेल तर मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाचा विचार करा. पाहायचं ते एवढंच, की दुसरं मत देणारे डॉक्टर रोज कर्करोगाच्याच रुग्णांवर काम करतात का, आणि पहिल्या रुग्णालयाशी त्यांचा संबंध नाही ना. टाटा मेमोरियल आणि देशभरच्या कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्याशी जोडलेली 'नव्या' नावाची सेवा आहे. तिथे रिपोर्ट ऑनलाइन पाठवले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना ते विनामूल्य मिळतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम सांगा. एक मात्र लक्षात ठेवा, हे मत कागदांवरचं असतं. स्लाइड पुन्हा पाहायची असेल तर ब्लॉक न्यावाच लागतो.

मुंबईला जायचंच ठरलं तर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस दादरला सकाळी पोचवते आणि तिथून परळ जवळ आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण वर्षानुवर्षं राहत आले आहेत. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, ते आजच पाहून ठेवा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि लग्नानंतरचं दुसरीकडे, एवढ्यावरून मंजुरी अडते, आणि मग नाव बदलायच्या धावपळीत मोलाचे दिवस जातात.

आता जे मला सगळ्यांत जास्त खटकतं ते सांगतो. ओपीडीत फाईल नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हातात असते. डॉक्टर बोलतात पुरुषांशी, पुरुष मान डोलावतात, आणि जिचं शरीर आहे ती बाई बाहेरच्या बाकावर पदर सावरत बसलेली असते. तिला सांगितलेलं असतं, "साधी गाठ आहे, काढली की झालं." ती खचेल म्हणून लपवलं, असं घरचे म्हणतात, आणि त्यात माया असते हे मी नाकारत नाही. पण तिला कळतं. शेजारच्या बाकावरच्या बाईच्या डोक्यावरचे गेलेले केस बघून तिला कळतं. मग ती विचारू शकत नाही, रडू शकत नाही, आणि गोळी पाच वर्षं का घ्यायची हे न कळल्याने सहा महिन्यांत ती बंद करते. तिला आत न्या. तिच्याच भाषेत सांगायला लावा. दुसरं मत घ्यायचं की नाही, स्तन राखायचा की नाही, हे तिला विचारा. तिचं वय चाळिशीच्या आत असेल, पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू होण्याआधीच त्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. हा प्रश्न तिच्याऐवजी दीर किंवा सासरा विचारणार नाही. आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही तिलाच माहीत असतं, आणि उपचारासाठी ते महत्त्वाचं असतं.

दुसरं मत घेऊ नये अशाही वेळा असतात. स्तनाची कातडी अचानक लाल होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, स्तन गरम आणि सुजलेला आहे, अशा आजारात आठवडेही महाग पडतात. तिथे बायोप्सी झाली की उपचार सुरू करा, मत मागाहून घ्या. श्वास लागतोय, पायांतली ताकद जातेय, लघवीवरचा ताबा सुटतोय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केमो सुरू झालेला असेल तर मत घ्यायला हरकत नाही, पण ठरलेली तारीख चुकवू नका. आणि तिसरं, चौथं, पाचवं मत घेत फिरू नका. दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं जुळलं, तर विषय संपला. फार वेगळं निघालं तरच तिसऱ्याकडे जा. आपल्याला हवं ते ऐकवणारा माणूस सापडेपर्यंत चाललेली भटकंती आजाराच्या फायद्याची असते. 2020 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दिसलं, की कर्करोगाचं ऑपरेशन चार आठवड्यांनी लांबलं तर मृत्यूचा धोका साधारण 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो. म्हणून मी दोन ते तीन आठवडे म्हणतो, दोन ते तीन महिने नव्हे.

गाठ विरघळवणारे लेप, कडू काढे, अंगारे, कुणाच्या तरी ओळखीतले बाबा यांना दुसरं मत म्हणू नका. लेप लावून लावून गाठ फुटलेली, जखमेला वास सुटलेला, आणि मग सहा महिन्यांनी रुग्णालयात आणलेली बाई पाहणं फार यातनादायक असतं. आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची कुणाची श्रद्धा असेल तर ती कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगून, मूळ उपचार चालू ठेवून जपा.

दुसरं मत तोंडी घेऊन येऊ नका. "तिकडचे डॉक्टर म्हणाले की..." अशी सुरुवात झाली की अर्ध्या गोष्टी विसरतात आणि उरलेल्या बदलतात. लेटरहेडवर लिहून घ्या: निदान काय, तीन खुणा काय आल्या, आजार कुठवर आहे, आधी केमो की आधी ऑपरेशन, आणि शेक लागेल का. तो कागद पहिल्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्यांचं म्हणणं ऐका. कधी ते आपल्या ठरवलेल्या उपचारात बदल करतात, कधी आपलंच का बरोबर ते समजावून सांगतात, आणि दोन्ही वेळा तुमच्या हाती आधीपेक्षा जास्त माहिती असते. दोघांत मतभेद राहिला तर त्यांनाच एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती करा. पुष्कळदा दहा मिनिटांत गाठ सुटते. मग तिथेच बसून पहिल्या केमोची किंवा ऑपरेशनची तारीख घ्या, आणि घरी जाऊन कॅलेंडरवर लिहा.